कोसमपोडच्या खिंडीचा कार्बोरेटर

साहेब, आमच्या जीपचा कार्बोरेटर तुमच्या आरटीओच्या आवारातून चोरीला गेला, आणि तो तुम्ही चोरला. तुमच्या माणसांनी, असं मी म्हणत नाही. तुमची माणसं तुम्हाला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत, हे पांढरकवड्यातल्या पानठेल्यावरही ठाऊक आहे. मी तुम्हालाच म्हणते.

तुम्ही खुर्चीत मागं रेलून मला विचारलं होतं, "गाडी जमा झाली तेव्हा तिच्यात कार्बोरेटर होता, हे कशावरून?"

नाक्यावरून आवारापर्यंत जीप तुमच्याच शिपायानं चालवत नेली होती. मी त्याच्या बाजूला बसले होते. बिना कार्बोरेटरची गाडी चालते का? चालत असेल तर ती विद्या आम्हाला पण शिकवा, पेट्रोलचा खर्च वाचेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्बोरेटर म्हणजे दोन मुठींएवढा लोखंडी डबा. हवा आणि पेट्रोल मापात मिसळून इंजिनाला पाजतो. त्याच्या अंगाला एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं, आणि त्या वाटीतून बारीक भोकावाटे ते वर ओढलं जातं. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. आमची जीप जुनी आहे, उंच बोनेटची, पेट्रोलवरची, माझ्या जन्माच्याही आधीची. माझ्या बापानं, डोमाजीनं, ती सरकारी लिलावातून आणली. आणली तेव्हा वस्तीतली पोरं मागं धावली होती. आमच्या वस्तीत चार चाकांची ती पहिली.

बापाचे डोळे गेले तेव्हापासून मी चालवते. बाई जीप चालवते म्हणून चौकातल्या टवाळांनी काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. ती टवाळ माणसं आज आपल्या सासूला दवाखान्यात न्यायला मलाच बोलावतात.

कोसमपोड टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती, पंधरा-वीस घरं. डांबरी रस्ता वरच्या माळावर संपतो. तिथून अर्धा कोस बैलगाडीची वाट, मग खिंड, आणि खिंडीतून सरळ खाली उतरलं की पोड. अँब्युलन्स डांबर संपतं तिथं थांबते. ड्रायव्हर खाली बघतो आणि म्हणतो, पेशंटले वर आणा. वर कोण आणणार? आमची जीप आणायची. चारही चाकं ओढतात तिची. सापाचे, कळांचे, हिवतापाचे, विहिरीत पडलेले, सगळे त्या खिंडीतून आमच्या जीपनंच वर आले. बापानं तिच्या मागच्या बाकाखाली कायम एक धोपटी ठेवली होती, चादर आणि पाण्याची बाटली. तीही तुमच्या आवारातून परत आली नाही, पण तिचं जाऊ द्या.

गाडीचे कागद संपले होते, हे खरं. तुम्ही नाक्यावर धरली, जमा केली. दंड भरला, कागद सरळ केले, सुटकेचा हुकूम घेतला. आवारात गेले, चावी फिरवली, इंजिन नुसतं खोकलं. बोनेट उघडलं. कार्बोरेटर होता तिथं भोक, आणि भोकात कोणीतरी चिंधी कोंबलेली. चोराला आमच्या इंजिनाची काळजी होती, धूळ जाऊ नये म्हणून. म्हणजे चोर अडाणी नव्हता.

जीप बैलजोडी लावून जब्बारचाचाच्या गॅरेजमध्ये आणली. चाचा बापाच्या वयाचा. त्यानं भोकात बोट घातलं, चिंधीचा वास घेतला.

"सत्ये, हे पान्यानं काढेल हाय. घाईनं नाई. आरामात, चाय पीत पीत."

"दुसरा भेटंन का?"

"भेटंन म्हणजे काय. जीपचाच पायजे. दुसरा बसते, पण तो आपला नसते."

मग आम्ही हिंडलो. आर्णीला रिजवान भंगारवाल्याकडं गेलो. त्याच्या वाड्यात स्कूटरचा डोंगर, ट्रॅक्टरचे दात, फ्रिजची दारं. जीपचं नाव काढताच तो हसायला लागला.

"बाई, कोन्या जमान्यात हायेत तुमी? जुन्या जीपचं सामान आता भंगार नाई राह्यलं. दागिना झाला तो. पुण्याचे, मुंबईचे येतेत, जुनी जीप घेतेत, रंगवतेत, रविवारी पोराले बसवून फोटो काढतेत. आरसा नाई सोडत, हॅन्डल नाई सोडत. कारबोटर तं इचारूच नका."

"एखादा असंन ना कुठी पडलेला?"

"पडलेला नाई. पडलेलं सगळं उचललं लोकांनी."

नागपूरच्या बाजारातून चाचानं एक नवा मागवला. डब्यातला, चकचकीत, वर इंग्रजीत कायकाय लिहिलेलं. लावला. गरम झाल्यावर त्याच्या अंगातून पेट्रोल झिरपायला लागलं, खाली तापलेला पाइप. चाचानं धावत जाऊन वाळू टाकली.

"हा गाडी चालवत नाई," तो म्हणाला, "हा गाडी जाळते. परत पाठव त्याले त्याच्या मायकडं."

राळेगावच्या बाजूला एकाकडं जुनी जीप शेतात उभी आहे असं कळलं. गेलो. होती. तिच्या बोनेटखाली कोंबडीनं अंडी घातली होती. कार्बोरेटर दोन वर्षांआधीच कोणी नेलेला. म्हातारा मालक म्हणाला, "अंडी न्या, ताजी हायेत." चाचा खदाखदा हसला. मला हसू आलं नाही, कारण दोन दिवसांआधी पोडावरून बादल येऊन गेला होता. बादलची बायको जमनी. पहिलं पोर तिचं खिंडीतच गेलं होतं, तेव्हा तिला बाजेवर घालून वर आणत होते आणि आमची जीप त्या दिवशी आर्णीला होती. आता ती परत पोटुशी. बादल माझ्या अंगणात उकिडवा बसला, जीपकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, होते ना दुरुस्त तवापर्यंत?"

मी हो म्हटलं. मार्च लागायच्या आत होते म्हटलं.

आता तुमच्या कामाचं ऐका.

हायवेला एक लग्नाचं लॉन आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. चाचाच्या भाचीचं लग्न तिथं होतं. नवरदेव गेटातून आत आला तो सजवलेल्या जीपमधून. उंच बोनेटची जीप, लाल रंग, झेंडूच्या माळा, समोर बँड. जीप माणसाच्या चालीनं चालली होती. हिरवळीवरून, सपाट. चाचा वऱ्हाडात उभा होता तो तसाच जीपजवळ गेला. जेवण सोडलं त्यानं. सगळे हारतुऱ्यात असताना त्यानं बोनेट उचललं आणि मला फोन केला.

"सत्ये, ये. आताच ये."

मी गेले. बोनेटखाली आमचा कार्बोरेटर होता. आमचाच कसा, विचाराल. बापाच्या काळात त्याच्या खालच्या बिडाच्या भागाचा, बोल्ट बसतो तो एक कान तुटला होता. चाचानं त्यात पितळ भरलं होतं. राखाडी बिडावर पिवळा टाका, कानाच्या आकाराचा, थोडा वाकडा. माणूस आपल्या हातचा टाका ओळखतो. शिंपी ओळखतो, डॉक्टर ओळखतो, चाचानंही ओळखला.

लॉनवाला आला. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात पान.

"काय चाललंय? शुभकार्यात बोनेट काहून उघडलं?"

"हा आमचा कार्बोरेटर आहे," मी म्हटलं.

"ताई, नाव आहे का तुमचं त्याच्यावर?"

"पितळ आहे त्याच्यावर. या चाचाचं."

तो पितळाकडं वाकला. मग सरळ झाला आणि हसला. घाबरला नाही, हे लक्षात घ्या. घाबरला असता तर मला वाटलं असतं की याला माहीत नव्हतं.

"मले साहेबांनी दिला. त्याहिच्या पोराचं लग्न याच लॉनवर झालं ना जानेवारीत. ते म्हणाले, पोरगा जीपमधून येईल. मी म्हटलं, साहेब, जीप तं हाय, पण चालत नाई, सामान भेटत नाई. ते म्हणाले, सामानाचं मी पाहतो. तुमाले काय इचारायचं ते त्याहिले इचारा. माह्या लॉनवर तमाशा नोको."

"निदान मार्चपुरता द्या," चाचा म्हणाला. हात जोडून म्हणाला, साहेब. सत्तरीतला माणूस, भाचीच्या लग्नातले नवे कपडे घालून. "एक बाई अडलेली राहीन पोडावर. मी तुमाले दुसरा बसवून देतो, सपाटीवर तुमची गाडी काय्यनंही चालन."

"मार्च-एप्रिल सीझन आहे, चाचा. मे नंतर पाहू."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आले. तुम्ही फाइलमधून डोकं वर काढलं नाही. लॉनचं नाव काढलं तेव्हा काढलं.

"तुम्ही एका अधिकाऱ्यावर चोरीचा आळ घेत आहात, याची कल्पना आहे का?"

"आहे."

"तुमची गाडी पुन्हा जमा होऊ शकते."

"कार्बोरेटरशिवाय? ओढून न्यावी लागंल मग, साहेब."

तुमचा शिपाई दाराशी हसला, तुम्ही त्याच्याकडं पाहिलं, तो थांबला. मी पोलिसांत गेले. तिथं मला विचारलं, वस्तूची पावती आहे का. सत्तर सालच्या लोखंडाची पावती.

म्हणून चाचानं शेवटी ते केलं जे त्याला करायचं नव्हतं. एका जुन्या टॅक्सीचा कार्बोरेटर आणला. जीपच्या इंजिनावर तो बसत नाही, भोकं जुळत नाहीत. त्यानं मधे घालायला ॲल्युमिनियमची जाड चकती कापली, भोकं पाडली, घासली. एक्सिलेटरची तार पोचेना, म्हणून कार्बोरेटर फिरवून लावला. आमच्या जुन्याची वाटी पुढं असायची, रेडिएटरकडं. याची मागं आली, ड्रायव्हरकडं. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तार पोचली, बस.

चाचाची एक पद्धत आहे. गाडी देण्याआधी चालू इंजिनाच्या बोनेटवर तो चहाचा भरलेला ग्लास ठेवतो. चहा हालला नाही तर गाडी पास. आयुष्यभर त्यानं असंच केलं. ग्लास ठेवला. चहावरची साय पण हालली नाही. मग आम्ही केळापूरपर्यंत जाऊन आलो, हायवेनं. जीप लोण्यासारखी चालली. चाचा माझ्या बाजूला बसून गुणगुणत होता.

केळापूरचा रस्ता सपाट आहे, साहेब.

मार्चमध्ये दुपारी बादलचा फोन आला. खिंडीच्या वर येऊन फोन करावा लागतो, पोडात आवाज येत नाही. धापा टाकत होता.

"बाई, जमनीच्या कळा सकाळपासून. चंदाबाई म्हणते, पायाळू हाय. रगत जाऊन राह्यलं."

मी अँब्युलन्सला फोन केला, डांबराच्या टोकाला उभी राहा म्हटलं. जीप काढली. खिंड उतरताना मागून काळा धूर निघाला. नवं आहे, बसेल म्हटलं. पोडात पोचले तेव्हा बायका दारात उभ्या होत्या. चंदाबाई पोडातली सुईण, तिचे हात कोपरापर्यंत लाल. जमनीला बाजेवरून उचलून मागं टाकलं, डोकं माझ्या पाठीशी, पाय मागच्या फळीकडं. तिला शुद्ध होती.

"आली का तुही गाडी," ती म्हणाली. "बादल म्हणे मेली ते."

"गाडी मरत नाई, माय. तू बोलत राह्य."

खिंडीच्या पहिल्या चढावर इंजिन मेलं. मी ब्रेक धरला, मागं घरंगळत सपाटीवर आले, सेल मारला. एका झटक्यात चालू. परत चढले. त्याच जागी परत मेलं. परत खाली. परत चालू. तिसऱ्या वेळी बादल बोनेटवर मुठी मारायला लागला.

"चाल ना, चाल ना वो!"

मी उतरले, बोनेट उघडलं. आणि तेव्हा दिसलं. वाटी मागं आहे. गाडीनं नाक वर केलं की वाटी खाली जाते, पेट्रोल खालीच बसतं, भोकापर्यंत चढत नाही. इंजिन तहानलेलं मरतं. सपाटीवर हे कधीच कळलं नसतं. चहाच्या ग्लासाला कळलं नसतं. आमच्या कार्बोरेटरची वाटी पुढं होती, आणि ज्यांनी ती जीप बनवली त्यांनी ती डोंगरासाठीच तशी केली होती. तो कार्बोरेटर त्या वेळी हायवेवर झेंडूच्या माळांखाली उभा होता.

मग एकच वाट उरली. गाडी उलटी चढवायची. रिव्हर्समध्ये, तोंड पोडाकडं, पाठ खिंडीकडं. मग वाटी वर येते.

मी जीप फिरवली. चंदाबाईनं माझा हात धरला.

"असं नाई न्यायचं, बाई. पाय पुढं करून मुडदं नेतेत."

बरोबर होतं तिचं. उलटी गाडी म्हणजे जमनीचे पाय पुढं निघणार होते. बादलनं ते ऐकलं आणि फळीला धरून उभाच राहिला. नाई म्हणाला. असं नाई. मी ओरडले. तो रडत होता आणि नाई म्हणत होता. त्याच्याशी भांडण्यापेक्षा जमनीला फिरवणं लवकर झालं असतं. आम्ही तिला उतरवलं, फिरवलं, डोकं फळीकडं करून परत ठेवलं. किती वेळ गेला मला माहीत नाही. तिच्या अंगाखालची चादर भिजली, दुसरी नव्हती.

खिंड मी मान मागं वळवून चढले. एक हात स्टिअरिंगवर, एक मागच्या बाकावर. बादल आणि दोन माणसं उताराच्या बाजूनं, बोनेटला लागून चढत होती, हातात दगड, गाडी सरकली की चाकाखाली टाकायला. इंजिन भरलेल्या घशानं बोलत होतं, पण मरत नव्हतं. रेडिएटर उकळला, वाफ काचेवर. गाडी बैलापेक्षा हळू. एका वळणावर मागचं चाक दरीकडं गेलं, बादलनं छातीवर दगड धरून चाकाखाली झोकला, त्याची बोटं सोलली.

जमनी आता पोडाकडं तोंड करून होती.

"सगळा पोड दिसून राह्यला मले," ती म्हणाली. "आमच्या घरावर बकरी चढली, पाह्य."

चंदाबाई म्हणाली, "उतरवतीन तिले. तू जोर लाव."

खिंडीच्या वर आलो. माळ सपाट. गाडी सरळ केली आणि ती अशी पळाली, साहेब, की जणू काही झालंच नाही. बैलगाडीच्या वाटेवर मधेच पोर झालं. मुलगी. मी मागं पाहिलं नाही, आवाज ऐकला. चंदाबाईनं पोर पोटाशी घेतलं, मग म्हणाली, "जमने." मग जोरात म्हणाली. डांबर दिसत होतं, अँब्युलन्स दिसत होती, तिचा ड्रायव्हर दार उघडून उभा होता. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं जमनीच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि टोपी काढली.

चाचाला सांगितलं तेव्हा तो गॅरेजमधल्या स्टुलावर बसला. मलिका, त्याची सून, पाणी घेऊन आली, ते घेतलं नाही त्यानं. "म्या ती खिंड कधी पाह्यलीच नाई, सत्ये," म्हणाला. "म्या सपाटीवर ग्लास ठेवला." त्याची चूक झाली. तो मानतो, मी मानते, आणि त्याची चूक त्याला खाऊन टाकते आहे. तुमची चूक झाली नाही, साहेब. तुम्ही केलं. दोन्हीत फरक आहे आणि तो मी कोणाला पुसू देणार नाही.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं आहे, अति रक्तस्राव.

आणि मग तुम्ही आलात. खुद्द. पोडाच्या वर, डांबरावर तुमची गाडी उभी केली, खाली उतरला नाहीत. बादलला वर बोलावलं, बायको जाऊन सात दिवस झाले नव्हते, पोर त्याच्या बहिणीच्या मांडीवर शेळीचं दूध पीत होतं. मला पण बोलावलं. तुम्ही विचारलं:

"वाहनाच्या इंजिनात विनापरवानगी फेरबदल कोणी केला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर लावला, हा गुन्हा. अशा गाडीतून पेशंट नेला, हा दुसरा. जीप तुम्ही परत जमा केली. चाचाचं नाव लिहून घेतलं. बादलला म्हणालात, "तुमच्या पत्नीच्या मृत्यूला ही बाई जबाबदार असू शकते, तक्रार द्यायची असेल तर द्या."

बादलनं तुमच्याकडं पाहिलं. त्याच्या सोललेल्या बोटांवर हळद होती. तो म्हणाला, "साहेब, तुमी खाली या ना एक डाव. खिंड पाहा." तुम्ही घड्याळ पाहिलं.

मी माफी मागायला हे लिहीत नाही, सुटकेसाठीही नाही. चौकशी लावायची ती लावा, मी हजर राहीन, चाचाला मी हात धरून आणीन. पण पोडावर रामधनची बायको प्रेरणा सातव्या महिन्यात आहे. काल मी पायी गेले होते खाली, तिनं मला विचारलं, बाई, गाडी कुठी हाय. मी काय सांगणार होते?

ती जीप आज तुमच्या आवारात उभी आहे, आणि तिचा कार्बोरेटर लॉनवर. लॉनवरचा काढा, जीपमध्ये लावा, जीप खिंडीवर पाठवा. पाना चालवणारा माणूस तुमच्याकडं आहे, हे आम्ही पाहिलं आहे. प्रेरणाच्या कळा सुरू व्हायच्या आत हे करता की नाही? मला कागद नको, तारीख नको, कलम नको. हो की नाही, एवढं बोला.